आधी बाटली, मग बटण : शेतीची प्रश्नोत्तरे

या वेळची पत्रे चाळताना हसू आले. निम्म्याहून अधिक जणांनी ‘कोणते यंत्र घेऊ?’ असे विचारले आहे, पण आज आपल्या शेतात किती पाणी पडते, किती औषध जाते, हे आकड्यात जवळजवळ कुणीच कळवलेले नाही. त्यामुळे माझी उत्तरे फिरून फिरून एका बाटलीपाशी येणार आहेत. एक लिटरची, बाजूला मिलिलिटरच्या खुणा असलेली. वाचण्याआधी ती शोधून ठेवलीत तर बरे.

प्रश्न : ठिबक बसवून तीन वर्षे झाली. सुरुवातीची झाडे जोमात आहेत, शेवटची पिवळी पडतात. दुकानदार म्हणतो, सगळ्या नळ्या बदला. बदलू का?

दादा, नळ्यांना हात लावण्याआधी बाटली घ्या. एका ड्रीपरखाली (नळीवर जिथून पाणी ठिबकते तिथे) ती बरोबर सहा मिनिटे धरा. जेवढे मिलिलिटर जमले त्याला शंभराने भागा, की तो ड्रीपर तासाला किती लिटर देतो ते कळले. चार लिटरच्या ड्रीपरखाली 400 मिली जमायला हवे. असे मोजमाप नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, आणि तेही शेताच्या जवळच्या आणि लांबच्या अशा दोन्ही टोकांना करा. दहाएक टक्के फरक चालतो. सुरुवातीला 400 आणि शेवटी 210 आले, तर झाड का पिवळे पडते ते शोधायला मातीपर्यंत जावे लागत नाही.

मग फिल्टर बघा. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे असे दोन प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणारे काटे, असतात. ते नसतील तर नळ्या बदलण्याचा विचार सोडून आधी तेच बसवा. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोच्या घरात गेला की फिल्टर चोंदला. तो धुऊन काढा. त्यानंतर नळ्यांची टोके उघडा, पण सगळी एकदम नाही. एका वेळी चार-पाच उघडली तर पाण्याला जोर राहतो आणि आतला गाळ खरोखर बाहेर पडतो. पहिले पाणी चहासारखे येईल. ते नितळ होईपर्यंत टोक बंद करू नका.

इतके करूनही धार वाढली नाही, तर एखादा ड्रीपर कापून आत बघा. पांढरा, खरखरीत थर असेल तर तो क्षारांचा, त्यावर ॲसिड. बादलीत आपलेच दहा लिटर पाणी घ्या, त्यात थोडे थोडे ॲसिड टाकत पीएच कागदाने तपासा आणि सामू (म्हणजेच पीएच) 4 च्या आसपास आला की किती मिली लागले ते लिहून ठेवा. त्या प्रमाणात ॲसिड सोडा, शेवटच्या ड्रीपरच्या पाण्यातही कागदाचा रंग तेवढाच बदलला की पाणी बंद करा, रात्रभर ठेवा आणि सकाळी टोके उघडून धुऊन काढा. पाण्यात ॲसिड ओतायचे असते, ॲसिडात पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्माही हवाच. आतला थर हिरवा, बुळबुळीत असेल तर ते शेवाळ, त्यावर क्लोरीन. पण क्लोरीन आणि ॲसिड एका वेळी सोडू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आणि थर तांबूस असेल तर विहिरीच्या पाण्यात लोह आहे. ते पाण्यात विरघळलेले असते, हवा लागली की गंज होऊन खाली बसते. म्हणून ते ड्रीपरमध्ये बसण्याआधी उघड्या टाकीत बसू द्यायचे आणि मग फिल्टरमधून घ्यायचे.

एवढ्यावरही धार आली नाही, तर दुकानदार बरोबर म्हणतो.

प्रश्न : सौर पंप बसवतो आहे. रात्री पाणी द्यायला बॅटरी घ्यावी का?

बॅटरीऐवजी टाकी घ्या. दिवसा पाणी वर चढवून ठेवले की तीच तुमची बॅटरी. ती चार्ज करावी लागत नाही आणि काही वर्षांनी बदलावीही लागत नाही.

फक्त एक हिशेब आधी करा, तो बहुतेक जण विसरतात. टाकीतल्या पाण्याची उंची दहा मीटर असेल तेव्हा कुठे एक किलोचा दाब मिळतो. घराच्या गच्चीवर, तीन मीटरवर ठेवलेल्या टाकीतून जेमतेम 0.3 किलो. नेहमीच्या ठिबकाला आणि त्याच्या फिल्टरला ते पुरत नाही. पाणी टिपटिप येते, शेवटच्या झाडापर्यंत पोचत नाही, आणि मग ड्रीपरला दोष. एक तर टाकी टेकाडावर न्या, नाहीतर कमी दाबावर चालणारे ठिबक घ्या, नाहीतर टाकीतून सरीने पाणी द्या. पॅनेल धुवायचे ते पहाटे, काच थंड असताना. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारणे म्हणजे तडा जाण्याला आमंत्रण.

प्रश्न : मोबाइलवर चालणारा स्टार्टर घेतला. फोन म्हणतो ‘मोटर चालू’, शेतात जाऊन बघावे तर पाणी नाही. यंत्र खराब आहे का?

यंत्र बहुधा ठणठणीत आहे. ते खोटे बोलत नाही, फक्त तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. त्याला वीज कळते, पाणी कळत नाही.

हे मी स्वतः भोगले आहे. नातेवाइकांकडे बसून मोठ्या ऐटीत फोनवरून मोटर चालू केली. चार तास ‘मोटर चालू’. परत येऊन पाहतो तो विहिरीजवळचाच एक जोड निसटलेला, माझी पाळी कोरडी आणि शेजाऱ्याच्या शेतात तळे. शेजारी भला माणूस, म्हणाला, ‘आता खतही फोनवरून पाठवा.’

त्या दिवसापासून पाइपवर एक प्रेशर स्विच आहे. मोटर फिरतेय पण पाइपात दाब नाही, असे दोन-तीन मिनिटे राहिले की तो मोटर बंद करतो. तुम्हीही तो बसवून घ्या. दुसरे, ड्राय रनची सेटिंग नीट करा. विहीर आटली आणि पंप कोरडा फिरायला लागला की मोटरचा ॲम्पिअर एकदम उतरतो, त्यावरूनच यंत्र ओळखते. म्हणून भरपूर पाणी असताना आपली मोटर किती ॲम्पिअर घेते ते एकदा बघून पेटीच्या आत खडूने लिहून ठेवा. हा आकडा न बघता बसवणारा जे सेटिंग ठेवून जातो, ते त्याच्या सोयीचे असते. ओव्हरलोड रिलेचा (जास्त ॲम्पिअर झाले की मोटर बंद करणाऱ्या भागाचा) काटा मोटरच्या पाटीवरच्या ॲम्पिअरवर हवा. सारखी ट्रिप होते म्हणून तो वर सरकवला, तर ट्रिप थांबते आणि मोटर जळते. तीन फेजपैकी एक गेला की उरलेल्या दोन्हींवरचा भार दीडपटीहून जास्त होतो. त्या वेळी मोटर वाचवणारा तोच एक काटा असतो.

आता यातले सगळ्यात महत्त्वाचे. ‘ऑटो’वर ठेवलेली मोटर वीज आली की स्वतःहून सुरू होते, आणि मोबाइलवाली तर घरातला कुणीही, कुठूनही सुरू करू शकतो. पंपाला किंवा केबलला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढा आणि ते खिशात घालूनच खाली उतरा. पेटीवर ठेवू नका. खिशात.

प्रश्न : औषधाच्या बाटलीवर एकरी 240 मिली लिहिले आहे. माझा फवारणीचा पंप 15 लिटरचा. एका पंपाला किती टाकू? शेजारी टोपणाने अंदाजे टाकतात.

ताई, ज्यांनी हा प्रश्न विचारला अशा तुम्ही एकट्याच, म्हणून आनंद झाला. पंपात नुसते पाणी भरा. दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा आखा आणि नेहमीच्या चालीने, नेहमीच्या दाबाने फवारा. मग परत भरताना बाटलीने मोजून भरा. समजा साडेचार लिटर लागले. तो तुकडा एकराचा साधारण चाळिसावा भाग, म्हणजे एकराला 180 लिटर, म्हणजे तुमचे बारा पंप. 240 भागिले 12, एका पंपाला 20 मिली. ज्याची चाल वेगळी त्याचा आकडा वेगळा, त्यामुळे शेजाऱ्यांचे टोपण तुमच्या कामाचे नाही. पीक उंच झाले किंवा नोझल बदलले की पुन्हा मोजा.

नोझलवरून आठवले. तणनाशकाला पंख्यासारखा पट्टा पाडणारे, कीटकनाशक आणि बुरशीनाशकाला पोकळ शंकूसारखा फवारा देणारे. नव्या नोझलची एका मिनिटाची धार बाटलीत मोजून ठेवा. जुन्याची त्यापेक्षा दहा टक्क्यांनी वाढली की ते झिजले, टाकून द्या. चोंदले तर जुन्या दात घासायच्या ब्रशाने साफ करा. तार घालू नका, आणि तोंडाने फुंकणे तर अजिबात नाही. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, हे सांगायची गरज पडू नये, पण दर हंगामात पडते.

प्रश्न : मग ड्रोन घ्यावा का?

विकत नको, भाड्याने. आणि तेही सरसकट नको. ड्रोन एकराला आठ-दहा लिटर पाण्यातच काम उरकतो, कारण द्रावण घट्ट आणि थेंब बारीक. वाफसा (शेतात काम करता येईल अशी ओल) नसताना, चिखलात पाय रुततो तेव्हा, किंवा माणसाच्या डोक्यावर गेलेल्या पिकात त्याला तोड नाही. फवारणाऱ्याच्या अंगावरही औषध येत नाही. पण तेच बारीक थेंब वाऱ्याने वाहवत जातात. बांधापलीकडे शेजाऱ्याचे दुसरे पीक, विहीर किंवा मधमाश्यांच्या पेट्या असतील तर दहादा विचार करा. आणि पानाच्या खालच्या बाजूला, दाट फांद्यांच्या आत बसलेल्या किडीपर्यंत वरून पडणारे औषध नीट पोचत नाही. बोलावलाच तर पिकात वर, मध्ये आणि खाली पाण्याने डाग पडणारे कागद टाचून ठेवा. खालचा कागद कोरा राहिला तर पैसे देण्याआधी चालकाला तो दाखवा.

प्रश्न : जमिनीतला ओलावा सांगणारा सेन्सर कुठे आणि किती खोल लावावा?

जिथे मुळे पाणी पितात तिथे. म्हणजे आधी एक झाड उपटून किंवा बाजूला खड्डा घेऊन बारीक पांढरी मुळे कुठवर आहेत ते बघा. एक सेन्सर त्या मुळांच्या मध्यावर आणि दुसरा त्यांच्या तळाशी. वरचा कोरडा झाला की पाणी सुरू करा, खालचा ओला होऊ लागला की बंद. त्याखाली गेलेले पाणी आणि खत दोन्ही वाया. ड्रीपरच्या अगदी खाली लावलात तर तो कायम ओले सांगेल, दोन ओळींच्या मध्ये लावलात तर कायम कोरडे. आणि त्याच्याभोवती माती घट्ट दाबून बसवा. पोकळी राहिली तर तो हवा मोजत बसतो.

पहिला महिनाभर रोज त्याच खोलीची माती मुठीत दाबून बघा. गोळा होतो का, टाकल्यावर फुटतो का, हाताला पाणी लागते का. वाफसा तुमच्या मुठीला कळतो. यंत्रावर त्या क्षणी कोणता आकडा असतो तो टिपून ठेवा, कारण चिकण मातीचा आणि वाळूमिश्रित मातीचा आकडा एक नसतो.

प्रश्न : हवामानाचे ॲप ‘60 टक्के पाऊस’ म्हणाले आणि थेंब पडला नाही. यावर विश्वास ठेवायचा?

ठेवायचा, पण अर्थ कळून. अशा दहा दिवसांत सहा दिवस पाऊस पडतो, असे ते म्हणते. किती पडेल याबद्दल त्या आकड्यात काहीच नसते. फवारणीसाठी 60 म्हणजे थांबा. पाणी द्यायचे पुढे ढकलायला मात्र 60 पुरेसे नाही. एक साधे पर्जन्यमापक शेतात लावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. ‘चांगला पडला’ म्हणून पाण्याची पाळी चुकवलेले एक-दोन मिलिमीटर बऱ्याचदा पानांवरच सुकून जातात.

प्रश्न : हिशेब ठेवायला कोणते ॲप चांगले?

वही. माझ्याकडे होते एक ॲप. एके दिवशी ते बंद झाले आणि माझी तीन वर्षे सोबत घेऊन गेले. फोनचा उपयोग फोटोसाठी करा : औषधाचे लेबल, खताची पावती, रोग पडलेले पान. तारीख तो आपोआप टाकतो.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवरचे (मागच्या अवजाराला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्यावरचे) प्लॅस्टिकचे आवरण ग्रीस करताना आड येते. काढून टाकले तर?

नाही. शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचे किंवा सैल बाहीचे टोक अडकले तर ‘बंद कर’ हे दोन शब्द उच्चारून होण्याआधी माणूस आत ओढला गेलेला असतो. फाटले असेल तर आजच नवे घाला. ग्रीस ट्रॅक्टर बंद करून, किल्ली काढून.

प्रश्न : धान्याला किडा लागतो. हवाबंद पिशव्यांनी खरेच फरक पडतो का? की पुन्हा एक नवे फॅड?

पडतो, आणि मला आवडलेल्या नव्या सोयींपैकी ही सर्वांत स्वस्तातली. बाहेर नेहमीचे विणलेले पोते, आत जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या. धान्यासोबत आत गेलेले किडे आतलाच प्राणवायू वापरून संपवतात, मग खाणे थांबवतात आणि मरतात. औषधाची गोळी लागत नाही. भरताना हवा दाबून काढा, प्रत्येक थर वेगळा पिळून बांधा आणि रोज थोडे थोडे काढायला ती पिशवी उघडू नका. रोजच्यासाठी वेगळा डबा ठेवा. उंदीर आणि खिळे यांच्यापासून जपा, एक भोक पडले की ती साधी पिशवीच.

पण ही पिशवी ओले धान्य सुकवत नाही, उलट ओल आत कोंडते आणि बुरशी लागते. भरण्याआधी काचेच्या कोरड्या बरणीत एक तृतीयांश धान्य आणि चमचाभर अगदी कोरडे, मोकळे मीठ घाला. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, पुन्हा उन्हात घाला. नाही चिकटले तरी आणखी एक दिवस ऊन द्या, कारण साठवणीला 12-13 टक्केच हवेत. सावलीत गार होऊ द्या, मग भरा. आणि त्या बरणीतले मीठ परत स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.