देह मातीत मिसळल्यावर पुनरुत्थान कशाचे होते?

आपण विचारले आहे की, ख्रिस्ती लोक मृतदेह पुरतात ते तोच देह एक दिवस उठणार म्हणून का, आणि तसे असेल तर ज्यांचे दहन झाले त्यांचे काय. मी कोल्हापूरचा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती आहे आणि हाच प्रश्न आमच्या घरात फार व्याकूळ होऊन विचारला गेला होता. २०२१ च्या साथीत माझ्या काकांचे पंचगंगेकाठच्या स्मशानभूमीत शेणींवर दहन करावे लागले, तेव्हा काकूंना दुःखाइतकीच धास्ती होती की, आता शेवटच्या दिवशी ते उठतील कसे.

आमच्या चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, काकूंना इ. स. १७७ मधील, आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहराची हकिगत सांगितली. तिथे छळात मारलेल्या ख्रिस्ती लोकांचे देह जाळून राख मुद्दाम ऱ्होन नदीत टाकण्यात आली, ती यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये म्हणून. युसेबियस या इतिहासकाराने जपलेल्या पत्रात हे नोंदलेले आहे. ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) मात्र त्या हुतात्म्यांना कधीही आशेबाहेर मानले नाही. ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राखेची अडचण नाही, एवढेच पाळक म्हणाले.

मग पुनरुत्थान कशाचे? बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात प्रेषित पौल पेरलेल्या दाण्याचा दृष्टान्त देतो. दाणा आणि वर आलेले रोप दिसायला सारखे नसतात, तरी ते रोप त्याच दाण्याचे असते. पौल ज्याला आध्यात्मिक शरीर म्हणतो ते भुतासारखे विरळ शरीर नव्हे, तर देवाच्या आत्म्याने जिवंत राखलेले, पुन्हा न मरणारे शरीर होय. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते आणि त्याने शिष्यांसमोर भाजलेली मासळी खाल्ली; पण दारे बंद असताना तो आत आला आणि अम्माऊसच्या वाटेवर बरोबर चालणाऱ्या दोघांनाही आधी ओळखू आला नाही.

आपल्याकडे बहुतेकांच्या मनात गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त असतो, त्यामुळे आमचीही श्रद्धा आत्मा सुटून स्वर्गात जाण्यापुरतीच आहे असा समज होतो, आणि खरे सांगायचे तर अनेक ख्रिस्ती लोकही तसेच बोलतात. परंतु उपासनेत आम्ही म्हणतो त्या प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, आत्म्याच्या अमरत्वाचा नव्हे, शरीराच्या पुनरुत्थानाचा उल्लेख आहे. मला हा भेद सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्या हातांनी माणूस राबला ते हात या श्रद्धेत टाकाऊ ठरत नाहीत.

मृत्यू आणि तो दिवस यांमधल्या काळाविषयी आम्ही येशूने शेजारच्या वधस्तंभावरील चोराला दिलेल्या वचनावर भिस्त ठेवतो, ‘आज’ तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. कॅथलिक बांधव शुद्धीस्थान, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, मानतात व २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतात; आम्ही तसे मानत नाही.

दफन हे येशूच्या कबरेचे स्मरण आणि देहाचा आदर आहे, पुनरुत्थानाची अट नव्हे. कॅथलिक चर्चनेही १९६३ मध्ये दहनास मुभा दिली, मात्र व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा विखुरू नये व घरी ठेवू नये. आम्ही काकांची रक्षा दफनभूमीत आजोबांच्या थडग्याशेजारी पुरली. दगडावर नावाखाली ‘प्रभूमध्ये निद्रित’ असे कोरले आहे. आजोबांच्या दगडावरही तेच शब्द आहेत.