आरोग्यप्रश्न : खोकला-तापात कोणती तपासणी, आणि केव्हा?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या असून त्यांना मधुमेह आहे. गणपती विसर्जनानंतर घरातील सर्वांनाच सर्दी-खोकला झाला. आम्ही चार दिवसांत सावरलो, पण सासूबाईंना १०२ पर्यंत ताप, कोरडा खोकला आणि विलक्षण अंगदुखी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात केलेली फ्लूची झटपट अँटिजेन तपासणी निगेटिव्ह आली. मग लॅबमध्ये तीन पर्याय सांगण्यात आले : फक्त फ्लूची आरटी-पीसीआर, फ्लू आणि कोविड एकत्र, किंवा वीसेक जंतू एकाच वेळी शोधणारे महागडे पॅनेल. आम्ही पॅनेल केले. अहवाल पाचव्या दिवशी आला आणि तो पाहूनच गोळ्या सुरू झाल्या. त्यात इन्फ्लुएंझा ए आणि रायनोव्हायरस असे दोन्ही पॉझिटिव्ह होते. आता त्या बऱ्या आहेत, पण आमची निवड बरोबर होती का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : सासूबाई बऱ्या झाल्याचे वाचून समाधान वाटले. तीन पर्यायांपैकी दुसरा, म्हणजे फ्लू आणि कोविड एकत्र पाहणारी आरटी-पीसीआर, त्यांच्यासाठी पुरेशी होती. मात्र तपासणी कोणतीही केली असती तरी फ्लूविरोधी ऑसेल्टामिविर हे औषध दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायला हवे होते, कारण लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत दिल्यास त्याचा उपयोग सर्वाधिक होतो आणि नंतर तो उतरत जातो.

हे माझे वैयक्तिक मत नव्हे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यातील नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे अ, ब आणि क असे तीन गट पाडून दिले. साधा ताप-खोकला असलेल्या ‘अ’ गटाला तपासणी नको आणि औषधही नको, फक्त एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. ६५ वर्षांवरील व्यक्ती, गर्भवती, लहान मुले, मधुमेह किंवा हृदय, फुप्फुस, मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण ‘ब’ गटात येतात. त्यांनाही तपासणी आवश्यक नाही, औषध मात्र सुरू करावे. धाप, छातीत दुखणे, गुंगी, थुंकीतून रक्त किंवा नखे निळी पडणे असे काही दिसले, की तो ‘क’ गट. त्यांना तत्काळ दाखल करून औषध द्यावे आणि तपासणीही करावी. सासूबाई वयाने आणि मधुमेहाने सरळ ‘ब’ गटात बसत होत्या.

आता पहिल्या निगेटिव्ह अहवालाविषयी. अँटिजेन तपासणी विषाणूचे प्रथिन थेट शोधते, त्यामुळे नमुन्यात ते भरपूर असावे लागते. पीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या एका ठरावीक तुकड्याच्या प्रती काढल्या जातात. प्रत्येक आवर्तनात त्या दुप्पट होत जातात, म्हणजे तीस आवर्तनांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. साहजिकच अगदी थोडा विषाणूही सापडतो. फ्लूच्या झटपट अँटिजेन तपासणीत खरोखर बाधित असलेल्या शंभरांपैकी साधारण ३० ते ५० जण निसटतात, पण बाधा नसलेल्याला ती चुकून पॉझिटिव्ह ठरवते असे क्वचितच घडते. म्हणून ऐन साथीत ती पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा, निगेटिव्ह आली तर फ्लू नाही असे समजू नये. मोठ्या माणसांच्या नाकात लहान मुलांच्या तुलनेने विषाणू कमी असतो, हेही इथे लक्षात घ्यावे.

शिवाय स्वॅब कसा घेतला, यावर अहवालाचे निम्मे भवितव्य ठरते. नाकातून मागच्या घशापर्यंत जाणारी बारीक, लवचिक काडी वर कपाळाच्या दिशेने न ढकलता टाळूला समांतर, कानाच्या रोखाने सरकवायची, अडथळा लागला की थांबायचे, तिथे काही सेकंद ठेवून फिरवायची आणि मग बाहेर काढायची. हे नीट झाले तर डोळ्यांत पाणी येतेच. नाकपुडीच्या तोंडाशी काडी टेकवून ‘झाले, आजी’ म्हणणारा तंत्रज्ञ रुग्णाला आवडतो, पण त्याच्या नमुन्यात पीसीआरलाही फारसे हाती लागत नाही. पुढे ती काडी गुलाबी द्रवाच्या नळीत बुडवून थंड पेटीतून लॅबमध्ये जावी लागते. नळी दुपारभर स्कूटरच्या डिकीत राहिली तर महागडे यंत्रही काही करू शकत नाही.

रायनोव्हायरसची चिंता सोडा. हा साध्या सर्दीचा विषाणू असून बरे झाल्यावरही त्याचे अवशेष नाकात कित्येक दिवस, मुलांमध्ये तर काही आठवडे, सापडत राहतात. घरातील सर्दीचा तो प्रसाद असावा. त्यावर औषध नाही, म्हणजे पॅनेलच्या जादा पैशांतून उपचाराला उपयोगी असे काहीच निघाले नाही. अशी पॅनेल मी अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी, प्रत्यारोपण झालेल्यांसाठी किंवा कर्करोगाचे उपचार चालू असणाऱ्यांसाठी राखून ठेवतो, कारण तिथे दुर्मीळ विषाणूचे नावही उपचाराची दिशा बदलू शकते. गंभीर न्यूमोनियात विषाणू फुप्फुसात खोल उतरलेला असतो आणि घशाचा स्वॅब निगेटिव्ह येऊ शकतो. तेव्हा थुंकी किंवा श्वासनलिकेतील स्राव तपासावा लागतो.

जाता जाता एक सांगतो. पावसाळ्यात खोकला नसलेला नुसता ताप आला, तर स्वॅबच्या मागे लागण्याआधी डेंग्यूचा विचार करावा. पहिल्या पाच दिवसांत त्यासाठी एनएस-१ ही रक्ततपासणी उपयोगी पडते.

प्रश्न : माझा मुलगा कोविडमधून बरा होऊन बारा दिवस झाले. वसतिगृहाला निगेटिव्ह पीसीआर अहवाल हवा आहे, पण तो पुन्हा पॉझिटिव्ह आला असून सीटी मूल्य ३४ आहे. अँटिबॉडी तपासणी करून प्रश्न सुटेल का? — एक पालक, कोल्हापूर

उत्तर : सुटणार नाही. अँटिबॉडी म्हणजे शरीराने दिलेली प्रतिक्रिया; ती लसीमुळेही असते, जुन्या संसर्गामुळेही, आणि आज नाकात विषाणू आहे की नाही हे ती सांगत नाही. पीसीआर मेलेल्या विषाणूचे तुकडेही मोजते, म्हणून बरे झाल्यावर काही आठवडे ती पॉझिटिव्ह राहू शकते. सीटी म्हणजे कितव्या आवर्तनाला विषाणू दिसला तो आकडा; तो जितका मोठा तितका विषाणू कमी, आणि साधारण ३.३ आवर्तनांचा फरक म्हणजे दहापट फरक. परंतु स्वॅब, किट आणि यंत्र बदलले की हा आकडाही बदलतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, ज्या सीटी मूल्यापर्यंत अहवाल पॉझिटिव्ह धरला जातो ती मर्यादा ३५ वरून २४ वर आणता येईल का, अशी विचारणा महाराष्ट्र शासनाने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे केली होती. तसे केल्यास अनेक बाधित रुग्ण निसटतील, म्हणून परिषदेने नकार दिला. रोग ओळखताना ही मर्यादा सैल असणे योग्यच आहे. मात्र मुलगा अजून दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो का, या प्रश्नाला अँटिजेन तपासणीच अधिक जवळचे उत्तर देते. ताप जाऊन इतके दिवस झाले असल्याचे डॉक्टरांचे पत्र आणि निगेटिव्ह अँटिजेन अहवाल वसतिगृहाने मान्य करावा, असा आग्रह धरा.

प्रश्न : आठ महिन्यांच्या नातीला सर्दीनंतर छातीत घरघर सुरू झाली आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आरएसव्ही असावा, पण तपासणीची गरज नाही. त्यांचे ऐकावे का? — एक आजी, रत्नागिरी

उत्तर : आजी, अवश्य ऐका. या वयातील अशा घरघरीला बहुतेक वेळा आरएसव्ही हाच विषाणू कारणीभूत असतो, पण तपासणीत तो सापडला तरी उपचार तेच राहतात : नाक मोकळे ठेवणे, दूध थोडे थोडे पण वारंवार पाजणे आणि गरज पडल्यास ऑक्सिजन. आपण घरी एक मोजणी मात्र जरूर करावी. नात शांत किंवा झोपलेली असताना तिचा झबला वर करून पोटाकडे पाहावे आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. १५ सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण बाळांचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळात हा आकडा ५० किंवा त्याहून अधिक भरला, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जाऊ लागला किंवा तिने दूध ओढणे सोडले, तर सकाळची वाट न पाहता तिला त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.