गोळीपेंड वाढवूनही दूध आणि फॅट का वाढत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन एकर जमीन, तीन संकरित गाई, दिवसाला गाईमागे १० ते १२ लिटर दूध. प्रत्येकीला सात-आठ किलो गोळीपेंड, म्हणजे गोळ्यांच्या रूपातलं तयार पशुखाद्य, घालता. वैरणीला गव्हाचा भुसा आणि हंगामात उसाचं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याची हिरवी पानं. तरी दुधाचं फॅट ३.२ टक्क्यांच्या वर सरकत नाही, दोन गाई सारख्या उलटतात, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, आणि पेंडीचे पैसे वजा झाले की दुधाच्या बिलात काही उरत नाही. शेवटी विचारलंय, ‘शाश्वत पशुपालन आपल्यासारख्या लहान शेतकऱ्याला जमतं का?’

मी पशुआहाराचं काम करतो, बहुतेक सातारा-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात, आणि हाच प्रश्न मला गोठ्यागोठ्यात विचारला जातो. माझं उत्तर ठाम आहे: पेंड वाढवू नका, कमी करा, त्याआधी वैरण सुधारा. दुधाच्या उत्पादन खर्चातला ६० ते ७० टक्के खर्च खाद्यावरच होतो, त्यामुळे जी काही बचत व्हायची ती गव्हाणीतच होणार.

आधी फॅट का लागत नाही ते बघू. गाईचा चारा तिच्या कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू कुजवतात, आणि त्यातून जे तयार होतं त्यावर दूध आणि फॅट बनतं. तंतुमय वैरण नीट कुजली तर फॅट लागतं. पेंड जास्त आणि वैरण निकस असली की पोटातली आम्लता वाढते, तंतू पचवणारे जिवाणू मागे पडतात आणि फॅट खाली येतं. आम्लता मोडणारी लाळ गाईकडे असते, त्या लाळेत सोडाच असतो. पण ती सुटते चघळताना. म्हणून आज दुपारी गोठ्यात जाऊन बघा. बसलेल्या तीन गाईंपैकी दोन तरी रवंथ करत असायला हव्यात, आणि एका घासाला साधारण ५० ते ६० वेळा जबडा हलायला हवा. शेण पातळ, फेसाळ असेल किंवा त्यात मक्याचे दाणे अख्खे दिसत असतील, तर तुम्ही घातलेल्या पेंडीचा काही भाग शेणातून उकिरड्यावर चाललाय.

आता हिशोब. ४०० किलोच्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो सुका भाग लागतो, म्हणजे चाऱ्यातलं पाणी काढून जे उरतं ते. पेंडीचा रूढ आडाखा असा: शरीरपोषणाला एक ते दीड किलो आणि दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम. ११ लिटरच्या गाईला हे सहा किलोच्या आत बसतं. म्हणजे तुम्ही आत्ताच जास्त घालताय. त्यात १० किलो हिरवा लसूणघास मिळाला तर त्यात साधारण दोन किलो सुका भाग आणि ४०० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. २० टक्के प्रथिनांच्या गोळीपेंडीतून एवढीच प्रथिनं मिळवायला दोन किलो पेंड लागते. घास शेतात असेल तर पेंड चार-साडेचार किलोवर आणता येते. तीन गाईंचं मिळून रोजचं नऊ-दहा किलो वाचतं. मात्र घास एकदम भरपूर टाकू नका, पोट फुगतं. सुक्या कुट्टीत मिसळून द्या.

गव्हाच्या भुशात प्रथिनं तीन टक्क्यांच्या आसपास. कोटीपोटातले जिवाणू जगायलाच आहारात सात टक्के तरी लागतात. म्हणून नुसत्या भुशावर गाय पोट भरून खाते आणि तरी खंगते. यावर युरिया प्रक्रिया हा जुना, चोख उपाय आहे आणि तो मागे पडला याचं मला मनापासून वाईट वाटतं. १०० किलो भुशाला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर देत देत शिंपडायचा, प्रत्येक थर तुडवायचा, आणि ताडपत्रीने हवाबंद करून २१ दिवस ठेवायचा. काढल्यावर अमोनियाचा उग्र वास उडून जाईपर्यंत पसरून ठेवायचा, मग द्यायचा. सहा महिन्यांखालच्या वासरांना मुळीच नको. आणि युरियाचं पाणी शिंपडून लगेच खाऊ घालणं म्हणजे विषबाधा. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

वाढ्याचं वेगळं आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात छावण्यांतली जनावरं ऊस आणि वाढ्यावरच तगली, त्यामुळे वाढ्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण त्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने नुसतं वाढं खाणाऱ्या गाईची हाडं झिजतात, ती व्याल्यावर खाली बसते ती उठत नाही. कुट्टी करा, त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, आणि निम्म्याहून जास्त वैरण वाढ्याची होऊ देऊ नका.

मग हिरवं आणायचं कुठून? देशात लागवडीखालच्या जमिनीपैकी चाऱ्याला जेमतेम चार टक्के जमीन मिळते, आणि तुमच्या दोन एकरांतही चारा शेवटी आठवतो. पाण्याच्या कडेला पाच-सहा गुंठे संकरित नेपिअर गवत लावा. राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत हा वाण चांगला आहे. जोडीला थोडा लसूणघास. आणि अर्धा एकर मका खास मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद मुरवून ठेवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी. गाईला रोज १५ किलो मुरघास धरला तर उन्हाळ्याच्या चार महिन्यांना तीन गाईंना साडेपाच टनाच्या जवळपास लागतो. आफ्रिकन टॉल मका अर्ध्या एकरात सात-आठ टन हिरवा चारा सहज देतो, तूट धरूनही भागतं.

मुरघास बिघडतो तो दोनच गोष्टींनी, पाणी आणि हवा. दाणा दुधातून चिकात जात असताना मका कापा. कुट्टी दोन सेंटिमीटरच्या आसपास. मूठभर कुट्टी जोरात दाबून मूठ उघडा: गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर झाला तर बरोबर. बोटांतून पाणी गळलं तर कापलेला मका अर्धा दिवस सुकू द्या. गोळा झालाच नाही तर उशीर झालाय. बॅगेत भरताना कोपरे पायाने दाबा, हवा तिथेच राहते. ४५ दिवसांनी उघडा; आंबट-गोड वास आणि पिवळट हिरवा रंग हवा. काळा, चिकट किंवा बुरशी आलेला भाग काढून टाका, ‘थोडंच आहे’ म्हणून गव्हाणीत टाकू नका. बुरशीचं विष दुधात उतरतं.

बांध मोकळे असतील तर शेवरी आणि सुबाभूळ लावा. सुबाभळीच्या पाल्यात प्रथिनं भरपूर, पण मिमोसिन नावाचं विषारी द्रव्यही असतं. ऑस्ट्रेलियात यामुळे गुरं आजारी पडत, हवाईतल्या शेळ्यांना मात्र काही होत नसे. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने शोधलं की त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ते विष मोडतात. १९८० च्या दशकात ते जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले आणि प्रश्न सुटला. त्या जिवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं. तुम्ही एवढंच करा: हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त सुबाभूळ देऊ नका.

अझोला (पाण्यावर तरंगणारी नेच्याच्या जातीची वनस्पती) आणि ट्रेमधला हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना उगवलेला मका यांत पैसे घालू नका, असं माझं मत आहे. दोन किलो ताज्या अझोल्यात सुका भाग जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. ट्रेमध्ये एक किलो मक्याचे सहा-सात किलो दिसतात, पण वाढतं ते पाणी. सुका भाग उलट घटतो.

‘शाश्वत’ म्हणाल तर लहान शेतकऱ्यासाठी ते हेच आहे. गाय ढेकरातून जो मिथेन सोडते तो तिने खाल्लेल्या ऊर्जेतला साधारण सहा टक्के भाग असतो, तुमच्याच पैशांचा. संतुलित आहारात त्याच वायूमागे दूध जास्त मिळतं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गावोगाव राबवलेल्या आहार संतुलन कार्यक्रमाचा अनुभवही असाच आहे: खाद्याचा खर्च उतरला आणि लिटरमागे मिथेनही घटला.

राहिला उलटण्याचा प्रश्न. दुभत्या गाईला रोज किमान ५० ग्रॅम खनिज मिश्रण पेंडीत कालवून द्या, आणि आठवणीने रोज. महिन्यातून चार दिवस देऊन उपयोग नाही. पाणी चोवीस तास समोर ठेवा. आहारातला कोणताही बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा, आज बंद उद्या चालू असं नको. दोन-तीन महिने हे नीट करूनही गाय उलटलीच तर गर्भाशयाचा दाह असू शकतो. तेव्हा पुन्हा नुसतं रेतन करून घेऊ नका, पशुवैद्यकाकडून आधी तपासणी करून घ्या.