वाचकांचे प्रश्न : शाळेतील ऑनलाइन प्रश्नावली आणि मुलांच्या मनातले विचार

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला शिकवते. मुलांची मनःस्थिती दर आठवड्याला विचारणारी एक ऑनलाइन प्रश्नावली सुरू करावी, असे आमच्या शाळा समितीने ठरवले आहे. तीत ‘जीव नकोसा वाटतो का’ असा थेट प्रश्न आहे. असे विचारल्याने ज्याच्या मनात तो विचार नाही त्याच्याही मनात तो यायचा, असे पालकसभेत बऱ्याच जणांनी बोलून दाखवले. शाळेत समुपदेशक नाही. ही प्रश्नावली सुरू करावी का?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, पालकांना वाटणारी भीती स्वाभाविक आहे, पण अभ्यासातून ती खरी ठरलेली नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांमधील २,३४२ विद्यार्थ्यांवर नेमका हाच प्रश्न घेऊन संशोधन झाले आणि ते २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारले गेले, त्यांच्यात न विचारलेल्या मुलांपेक्षा अस्वस्थता किंवा तसे विचार वाढलेले आढळले नाहीत. उलट जी मुले आधीच खचलेली होती, त्यांचा ताण विचारल्यामुळे काहीसा कमीच झालेला दिसला. ज्याच्या मनात काही नसते तो ‘नाही’ असे उत्तर देऊन पुढे जातो, आणि ज्याच्या मनात असते त्याला निदान कोणी तरी विचारले, एवढे तरी कळते. तेव्हा प्रश्न विचारण्याला माझी हरकत नाही. माझी काळजी उत्तर आल्यानंतरची आहे.

समजा, एखाद्या मुलीने रविवारी रात्री अकरा वाजता आईच्या मोबाइलवरून त्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर दिले. ते उत्तर ज्या तक्त्यात जाऊन पडेल, तो कोण उघडणार आणि कधी? सोमवारी मुख्याध्यापक पंचायत समितीच्या बैठकीला गेले असतील तर? गणपतीच्या सुट्टीत, शिमग्यात, मे महिन्यात काय होणार? धाडस करून मनातले लिहावे आणि चार दिवस कोणी हाकही मारू नये, हे त्या मुलीच्या दृष्टीने न विचारण्यापेक्षाही वाईट आहे, कारण आपण सांगितले तरी कोणाला फरक पडत नाही, अशीच तिची खात्री होते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, आलेले उत्तर कोण वाचणार, किती वेळात वाचणार आणि वाचल्यावर त्या मुलाजवळ कोण जाऊन बसणार, हे नावानिशी ठरल्याखेरीज शाळेने एकही प्रश्न पाठवू नये.

प्रश्नावलीच्या नुसत्या चाळणीवर विसंबू नये, असे म्हणायला आणखी एक भक्कम आधार आहे. युरोपातील १० देशांमधील १६८ शाळा आणि ११,११० विद्यार्थी यांचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात काही शाळांत शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण दिले होते, काही शाळांत प्रश्नावली भरून घेऊन जोखमीतली मुले हेरली होती, तर काही शाळांत मुलांनाच एकत्र बसवून ताण, निराशा, मैत्रीतील तुटातूट अशा विषयांवर चर्चा घेतली होती आणि छोटे प्रसंग त्यांच्याकडून वठवून घेतले होते. वर्षभरानंतर या तिसऱ्या गटात आत्महत्येचे प्रयत्न तुलनेच्या शाळांपेक्षा जवळपास निम्मे आढळले. पहिल्या दोन मार्गांनी तसा ठळक फरक पडलेला दिसला नाही. आपल्या शाळेला आठवड्यातून एक तास मोकळा करता येत असेल, तर तो आधी अशा संवादासाठी द्यावा आणि प्रश्नावली त्याच्या जोडीला ठेवावी.

समुपदेशक नसल्याची अडचण कोकणात सर्वत्रच आहे, कारण आपल्याकडे वाडीवस्तीची मुले गोळा करून चालणाऱ्या लहान शाळा पुष्कळ आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावयाचा आहे आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करून घ्यावयाची आहे. आपल्या जिल्ह्यात ही जोडणी रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाशी करता येते आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही रत्नागिरीतच आहे. ‘मनोरुग्णालय’ हा शब्द ऐकताच घरचे लोक बिचकतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच गरज पडण्याआधी मुख्याध्यापकांनी स्वतः तेथे जाऊन यावे, कोणाला फोन करायचा ते विचारून ठेवावे आणि पालकसभेत त्याविषयी सरळ बोलावे.

प्रश्नावलीच्या पहिल्याच पडद्यावर दोन वाक्ये मोठ्या अक्षरांत असू द्यावीत. ही उत्तरे शाळेच्या वेळेतच वाचली जातात, हे एक. आणि आत्ताच कोणाशी बोलायचे असेल तर १४४१६ हा क्रमांक लावावा, हे दुसरे. हा केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, निःशुल्क आहे, दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. सड्यावर गेल्याखेरीज इंटरनेटची रेंज न येणाऱ्या गावांत ॲप उघडत नाही, पण साधा फोन लागतो. तेव्हा हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर आणि वहीच्या मागच्या पानावरही असावा. पावसाळ्यात वीज गेली की तीन-तीन दिवस येत नाही, अशा वेळी भिंतीवरचा कागदच कामाला येतो.

निनावी उत्तरांचा मोह टाळावा. निनावी लिहिणे मुलांना सोपे जाते हे खरे, पण ‘मला जगायचे नाही’ असे कोणी तरी लिहिले आहे आणि ते कोणी लिहिले हे कळायला मार्ग नाही, अशा अवस्थेत शिक्षक हतबल होतात. नाव मागावे, ते कोणाकोणाला दिसेल हे मुलांना आधीच सांगावे आणि पालकांची लेखी संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती हा सर्वसाधारण नियम ठेवला आहे. ‘सारे गुप्त राहील’ असे वचन मात्र कोणत्याही शिक्षकाने देऊ नये. जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली, तर ती सांगावीच लागते; दुसऱ्या बाबतीत तर पॉक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे.

उत्तर वाचल्यावर मुलाला स्टाफरूममध्ये सर्वांसमोर बोलावू नये. मधल्या सुट्टीनंतर बाजूला घेऊन ‘तू लिहिलंस ते बरं केलंस, मी वाचलं’ असे म्हणावे, ऐकून घ्यावे, आणि मग न अडखळता विचारावे, ‘मरून जावं असं मनात येतं का? कसं, कधी, असं काही ठरवलं आहेस का?’ काही ठरवले आहे असे दिसले तर त्या क्षणापासून त्याला एकटे सोडू नये. घरच्यांना बोलावून घ्यावे, त्याच्यासमोरच १४४१६ ला फोन लावावा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण जिथे सारेच पास होतात तिथे एका विषयात अडकलेल्या मुलाला केवढे एकाकी वाटत असेल, याचाही विचार निकालाच्या आठवड्यात प्रत्येक शाळेने करावा.

प्रश्न : मुलगा-सून कामासाठी मुंबईला असतात. अकरावीतला नातू आमच्याकडे गुहागरला राहतो. तो हल्ली रात्री उशिरापर्यंत मोबाइलवरच्या एआयशी मनातले बोलत असतो. ‘ते मला समजून घेतं’ असे म्हणतो. आमच्याशी बोलणे कमी झाले आहे. मोबाइल काढून घेऊ का?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, मोबाइल एकाएकी काढून घेऊ नका. सध्या त्याच्या बोलण्याची तेवढीच एक वाट उघडी असेल, तर ती बंद झाल्यावर तो आपल्याकडे वळेलच असे नाही. त्याऐवजी ‘तू त्याच्याशी काय बोलतोस ते मलाही सांगशील का’ असे विचारा आणि उत्तर ऐकताना उपदेश करू नका. अशी साधने पुष्कळदा बोलणाऱ्याच्याच सुरात सूर मिसळतात. समोरचा रडतो आहे, दोन दिवस जेवलेला नाही, हे त्यांना दिसत नाही. आणि त्यांना उठून शेजारच्या खोलीतून आजीला बोलावून आणता येत नाही. हे त्याला रागावून न सांगता समजावून सांगावे. रात्री साऱ्या घराचेच मोबाइल माजघरात ठेवायचे, असा नियम आपण स्वतःपासून सुरू केलात तर त्याला शिक्षा वाटणार नाही. मुलगा-सुनेला रोज ठरावीक वेळी फोन करायला सांगा, आणि त्या फोनवर अभ्यासाचा विषय शेवटी काढायचा, हेही सांगा.

झोप उडणे, जेवण कमी होणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसलो तर बरं’ अशा अर्थाचे बोलणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नका. १४४१६ हा क्रमांक घरच्या माणसांसाठीही आहे. नातवाशी कसे बोलावे हे विचारायला आपण स्वतः फोन करू शकता. शिवाय एक गोष्ट आजच करावी. आंब्याच्या मोहोरावर फवारणी आणि मुलांच्या परीक्षा आपल्याकडे एकाच हंगामात येतात. बागेची औषधे पडवीत उघडी न ठेवता कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाकडेच राहू द्या. संकटाची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो, हे जगभर दिसून आले आहे.

प्रश्न : शेजारच्या गावातील शाळेत एका विद्यार्थ्याचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्याचे फोटो आणि कारणांची चर्चा आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आहे. शाळेने काय करावे?
— मुख्याध्यापक, देवगड तालुका

उत्तर : सर, ग्रुप आजच ‘फक्त ॲडमिन’वर आणा आणि फोटो, चिठ्ठी, घटना कशी घडली याचे वर्णन काढून टाका. असे तपशील वारंवार समोर आले की आधीच खचलेल्या मुलांकडून अनुकरण होण्याचा धोका वाढतो; जागतिक आरोग्य संघटनेनेही माध्यमांना असे तपशील न देण्यास आणि एकच सोपे कारण न चिकटवण्यास सांगितले आहे. शाळेकडून एकच संदेश जावा: दुःखद घटना घडली आहे, त्या कुटुंबाला एकांत द्यावा, आपल्या मुलाशी आज बोलावे, आणि मदतीसाठी १४४१६ किंवा मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. मोठी शोकसभा घेऊ नका. प्रत्येक वर्गात वर्गशिक्षकांनीच शांतपणे सांगावे.

त्या मुलाशी क्रिकेट खेळणारी, एकाच एसटीने येणारी, क्लासला बरोबर असणारी आपली मुले कोण, हे शिक्षकांना लगेच सांगता येईल. त्यांना पुढचे काही आठवडे रोज एकदा तरी कोणी विचारावे. अशा वेळी गेलेल्या मुलाच्या इन्स्टाग्रामखाली मित्र काय लिहितात, हे एखाद्या तरुण शिक्षकाने पाहत राहावे. ‘मीही येतो’ अशा अर्थाची ओळ दिसली तर ती भावनेच्या भरात लिहिली असेल असे समजून सोडू नये, त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या घरी जावे. आणि कोणा मुलाने आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे कळले, तर पोलिसांच्या भीतीने ते दडपू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ असे सांगते की, अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. हे पालकांना घरी जाऊन सांगितलेत, तर ते मुलाला रुग्णालयात आणायला कचरणार नाहीत.