पहिल्यांदाच मणिपुरात माहितीपट करायला जाताना

मणिपूरच्या संघर्षावर माहितीपट करायला निघताय, तर कॅमेरा कुठला घ्यायचा, हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी गाडी कोण चालवणार ते ठरवा. मे २०२३ मध्ये खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी या समाजांत हिंसाचार उसळला आणि इम्फाळचं खोरं व चुराचांदपूरचे डोंगर यांच्यामध्ये बफर झोन, म्हणजे सुरक्षा दलांच्या पहाऱ्यातले पट्टे, आले. मैतेई ड्रायव्हर पलीकडे जात नाही, कुकी ड्रायव्हर खोऱ्यात उतरत नाही. बरेच पत्रकार पांगल, म्हणजे मणिपुरी मुस्लिम, ड्रायव्हर घेऊन ये-जा करत. दुभाषेही दोन्हीकडे वेगळे लागतात. इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना राज्यात शिरायला लागणारा परवाना, घरून निघण्याआधीच काढा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एकाच बाजूला राहून सगळं कळलं असं मानणं.
- चेहरा ब्लर केला की माणूस सुरक्षित झाला, ही समजूत. फनेकची (बायका नेसतात त्या वस्त्राची) किनार, दाराचा रंग, मागचं चर्च आणि मुख्य म्हणजे आवाज, एवढ्यावरून गावातले लोक लगेच ओळखतात. बोलणाऱ्यालाच स्क्रीनवर फ्रेम दाखवा. काय ठेवायचं ते त्याला ठरवू द्या.
- रात्री फुटेज अपलोड करू, हा भरवसा. २०२३ मध्ये तिथे महिनोन्महिने इंटरनेट बंद होतं. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या बॅगांत.

ड्रोन, लेन्स, ग्रेडिंगचं नंतर बोलू. पहिली फेरी विस्थापितांच्या मदत छावण्यांपुरती ठेवा. कुणी घडलेलं सांगताना आवाज नीट आला नाही, तरी 'पुन्हा सांगा' म्हणू नका. विषय मोलाचा निवडलाय, जरूर करा. प्रवासाचा आराखडा झाला की पाठवा, मी बघून देईन.