रारोटोंगात चार दिवस, करायचं काय?

प्रश्न : ताई, आम्ही दोघं सासूसासऱ्यांना घेऊन ऑकलंडहून पॅसिफिकमधल्या कुक आयलंड्सला, रारोटोंगा बेटावर चाललोय. सगळे म्हणतात बेट एवढंसं, दुसऱ्याच दिवशी कंटाळा येईल. खरंय का?

उत्तर : एवढंसं आहे हे खरं, बेटाला वळसा घालणारा रस्ताच जेमतेम 32 किलोमीटरचा. पण कंटाळा येतो तो वार न बघता गेलेल्यांना. शनिवारी सकाळी अवारुआत, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावात, पुनांगा नुई मार्केट भरतं, तिथे लवकर पोचा, दुपारपर्यंत सगळं आवरलेलं असतं. रविवारी बरीचशी दुकानं बंद, मग त्या दिवशी सरळ चर्चला जा, अवारुआचं 1853 सालचं आहे, प्रवाळाच्या दगडांचं. देवाधर्माचं राहू दे बाजूला, गाणं ऐकायला जा! पेटी नाही, गिटार नाही, नुसत्या गळ्यावर बाया एक ओळ उचलतात आणि पुरुष खालून असा हुंकार देतात की बाकडं थरथरतंय असं वाटतं. खांदे झाकणारे कपडे घाला मात्र.

आणि हो, मध्ये डेट लाइन आहे, म्हणजे जिथे तारीख बदलते ती रेषा, ऑकलंडहून शनिवारी निघालात तर तिथे शुक्रवारी उतराल, तेव्हा हॉटेलचं बुकिंग तारीख दोनदा बघूनच करा.

सासूसासऱ्यांसाठी बस बेस्ट. एक क्लॉकवाइज फिरते, दुसरी अँटिक्लॉकवाइज, रस्त्यात कुठेही हात केला की थांबते. ते बसमधून बेट बघतील तोवर तुम्ही दोघं ‘ते रुआ मांगा’ला जाऊन या, 413 मीटरचा सुळका आहे, बेट आडवं ओलांडणारी वाट त्याच्या पायथ्यावरून जाते, पण सगळी झाडांची मुळं आणि चिखल, चपला घालून जायचं नाही.

प्रश्न : मुलांना स्नॉर्कलिंग करायचंय, पोहायला बेताचंच येतं. सेफ आहे का?

उत्तर : मुरी किनाऱ्याचं लगून, म्हणजे रीफच्या (प्रवाळाच्या कड्याच्या) आतलं पाणी, उथळ आहे, तिथे बिनधास्त. भानगड आहे ती पॅसेजची, म्हणजे रीफला जिथे खिंड पडलीय तिथली. लाटा रीफवरून सतत पाणी आत टाकत असतात आणि ते सगळं त्या एवढ्याशा खिंडीतून परत समुद्रात जातं, वरून पाणी शांत दिसतं पण ओढ अशी की पट्टीचा पोहणाराही बाहेर खेचला जातो. आवाआवारोआला कासवं दिसतात म्हणून लोक तिथे जातात, पण ती पॅसेजच आहे, तुम्ही नका जाऊ. कासवांपायी पोरं धोक्यात घालायची गरज नाही.

प्रश्न : शेजारच्या आइतुताकी बेटाची डे ट्रिप महाग वाटते. करावी का? आणि शाकाहारी माणसाने खायचं काय?

उत्तर : पैसे असतील तर डोळे मिटून करा. विमानाने तासाच्या आतच पोचता, मग दिवसभर बोटीतून लगून, आणि वन फूट आयलंडवर पासपोर्टवर पाऊलठशाचा शिक्का मारून देतात (उगाच, पण मजा येते). बजेट ताणलेलं असेल आणि जुलै ते ऑक्टोबरमध्ये जात असाल तर मी म्हणेन रारोटोंगाच्याच किनाऱ्यावर बसा, हंपबॅक व्हेल तिथूनही दिसतात, फुकट.

खाण्याचं म्हणाल तर इका माता सगळीकडे मिळेल, पण तो कच्चा मासा. तुम्ही रुकाऊ मागा, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. फक्त आधी विचारून घ्या, कधी कधी त्यात कॉर्न्ड बीफ घालतात.