मेंढा शोधायचाय? आधी बसायला शिक
मित्राला ॲरिझोनात वाळवंटी बिगहॉर्नच्या (मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्याच्या) शिकारीचा परवाना सोडतीत लागलाय आणि तू शोधायला सोबत जातोयस, तर ऐक: फिरू नकोस, बस. तिथे आयुष्यात असा एकच मेंढा मारता येतो, त्यामुळे घाई मित्राला सुटेल; तुला नको. उजाडायच्या आत कड्यासमोर ठाण मांड, १५ पटीची दुर्बीण तिपाईवर लाव आणि समोरची भिंत पट्ट्यापट्ट्याने चाळ. अख्खा मेंढा क्वचितच दिसतो. तपकिरी खडकात त्याचा मागचा पांढरा भाग तेवढा चमकतो. दुपारी ते सावलीत रवंथ करत बसतात, तेव्हा कपारी पुन्हा बघ. (मी एकदा मेंढा समजून तासभर दगडाचं वय मोजत होतो!) सापडला की शिंगांवरच्या, वय सांगणाऱ्या वलयांचा फोटो काढ, जागा नकाशावर टिप. आणि पाणी माणशी चार लिटर तरी.